चारशे व्होल्टचा कंडेन्सर

हिरामणनं चौथा स्क्रू सोडवला आणि रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण अलगद काढून बाजूला ठेवलं. आत धुळीचा जाड थर साचला होता. एका कोपऱ्यात झुरळांची रिकामी अंडी, वर कोळ्याचं जुनं जाळं, आणि त्या सगळ्यात पाच व्हॉल्व्ह आपापल्या जागी ताठ उभे होते. त्यानं फुंकर मारली नाही. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन तो एकेका व्हॉल्व्हची काच झाडायला लागला.

"लाकूड चांगलं राहिलंय. कुठं ठेवला होता?"

"पेटीत. आईच्या पलंगाखाली," संघमित्रा म्हणाली. "बेचाळीस वर्षं."

ती दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. नेरूळच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काचा लावून बंद केलेली ही गॅलरी तेवढी हिरामणची होती. अंबडच्या त्याच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं जे काही इथवर आलं ते सगळं या टेबलावर आणि वरच्या फळीवर होतं. मुलाच्या नोकरीपाठी नवी मुंबईत येऊन वीस वर्षं झाली, तरी रविवारी विहारात भेटणारी गावाकडची माणसं त्याला अजून 'रेडिओवाले साळवे' म्हणूनच ओळखत. संघमित्रालाही तिथल्याच कुणीतरी त्याचा पत्ता दिला होता.

त्यानं रेडिओची वायर सोडवली आणि दोन पिनांचा प्लग हातात घेतला.

"काका, लावू नका!" ती एकदम उठून उभी राहिली.

"विजेला नाही लावत, ताई. नुसत्या मीटरनं बघतोय."

ती खाली बसली. थोडा वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

"तुम्हाला सांगायलाच पाहिजे. याला हात लावून माझा भाऊ गेला. अंकुश."

हिरामणनं प्लग टेबलावर ठेवला.

"तेरा वर्षांचा होता. मी पाच, मला फारसं आठवत नाही. आई घर सारवत होती. त्याला म्हणाली, तो रेडिओ बंद कर आणि जेवायला बस. तो ओल्यातनं गेला, बटण फिरवलं आणि तिथंच चिकटला. आई ओढायला धावली तर तीही फेकली गेली." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "मग सगळे म्हणाले, आईनंच घालवला. ओल्यात पाठवला पोराला. बाबा तोंडानं कधी काही बोलले नाहीत. पण ते वारले तोवर त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं नाही. ती समोर असली तरी मला हाक मारायचे, मित्रा, पाणी आण."

"आई आहेत?"

"ब्याऐंशी वर्षांची. किडन्या गेल्यात. गेल्या महिन्यात मला म्हणाली, तो रेडिओ कुणाला तरी दाखव. त्यात काय झालं होतं ते मला मरायच्या आधी कळायला पाहिजे."

"दुरुस्त करायचाय का?"

"ते तुम्ही ठरवा. तिला कारण पाहिजे."

हिरामणनं गाव विचारलं. तिनं सांगितलेलं गाव अंबडपासून आठ-नऊ किलोमीटरवर होतं. वडिलांचं नाव शिवराम वाहुळे. त्यानं मान हलवली. त्या काळात दुकानात रोज दहा-बारा माणसं येत, त्यांतला एखादा शिवराम असणारच. चेहरा काही आठवला नाही.

"चार दिवस द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा ऑफिसला गेल्यावर तो कामाला बसला. पुढची बटणं आधी काढायची असतात. ट्यूनिंगचं बटण निघालं. दुसरं, आवाज वाढवायचं आणि रेडिओ बंद-चालू करायचं, ते नव्हतंच. तिथं नुसती लोखंडी दांडी बाहेर आलेली होती. त्यानं दांडीवरून बोट फिरवलं आणि चष्मा पुसला.

मीटरची एक तार त्यानं चॅसीला लावली, म्हणजे ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर सगळे भाग बसवलेले असतात त्याला. दुसरी तार प्लगच्या पिनेला. काटा अजिबात हलायला नको होता. तो थेट शून्यावर, म्हणजे अडथळाच नाही अशा खुणेवर, जाऊन आदळला. त्यानं तारा काढल्या, पुन्हा लावल्या. शून्य. प्लगमध्ये येणारी वीज मधे कुठंही न अडता सरळ पत्र्यात उतरत होती, आणि पत्र्यातून त्या उघड्या दांडीत.

आता अडथळा कुठं तुटला ते शोधायचं होतं. चॅसी लाकडी खोक्यातून बाहेर काढून त्यानं ती उलटी ठेवली. वायर धरून तो पुढे पुढे गेला. वायरचं रबर कडक झालं होतं पण कुठं फुटलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर सोडवून मोजला, तो ठीक होता. राहिला एक कंडेन्सर, करंगळीएवढा, तपकिरी, विजेची तार आणि चॅसी यांच्या मधे बसवलेला. त्याची एक तार कापली तसा मीटरचा काटा मागे गेला आणि तिथंच राहिला.

कंडेन्सरवर चारशे व्होल्ट लिहिलेलं होतं.

त्या जागी हजार व्होल्ट सोसणारा लागतो. हे कुठल्याही शिकाऊ मेकॅनिकला माहीत असतं. बाकीचे सगळे भाग मूळ कंपनीचे होते, जुन्या बारीक सोल्डरनं बसवलेले. हा एकच नंतर कुणीतरी घातला होता. त्याच्या दोन्ही टोकांना सोल्डरचा थेंब जरा जास्त मोठा होता आणि तारेचं टोक आत वळवून दाबलं होतं. अशी तार वळवायची सवय हिरामणला औरंगाबादच्या उस्तादानं लावली होती.

त्यानं चॅसी उजेडाकडे धरली. आतल्या कडेला, धूळ पुसल्यावर, पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. 'हि. सा. १८-४-८३.'

चॅसी त्यानं टेबलावर ठेवली. मग त्यानं संघमित्राला फोन लावला.

"ताई, भाऊ कधी गेले तुमचे? तारीख?"

"एकोणीस ऑगस्ट. त्र्याऐंशी. का हो काका?"

"सहज. सांगतो नंतर."

एप्रिल ते ऑगस्ट. चार महिने. पावसाळ्याचा दमटपणा धरून तो कंडेन्सर आतून फुटला असणार.

आता चेहरा आठवला. चेहऱ्याआधी सायकल आठवली. कॅरिअरवर गोधडीत गुंडाळलेला रेडिओ सुतळीनं बांधलेला, आणि एक उंच, किडकिडीत माणूस उन्हात सायकल धरून उभा. रेडिओ घुरघुरत होता, बाकी काही नाही. हिरामणनं फुटलेला कंडेन्सर दाखवला होता आणि म्हटलं होतं, याच्या बदल्यातला माझ्याकडे नाही, औरंगाबादहून यायला दोन दिवस लागतील. माणूस घुटमळला. म्हणाला, पोरगं वाट बघतंय हो, आजच घेऊन येतो म्हणून सांगून आलोय त्याला. दुकानात आणखी तिघं ताटकळत होते. हिरामणनं डब्यात हात घालून जो लागला तो उचलला.

"चालंल ना?" त्या माणसानं विचारलं होतं.

"काही होत नाही," हिरामण म्हणाला होता. "बटण तेवढं फुटलंय. नवीन आलं की या, बसवून देतो."

तो माणूस परत आला नाही. हिरामणलाही त्या बटणाची आठवण राहिली नाही.

प्रेमला चहा घेऊन आली तेव्हा त्याचा हात टेबलावर तसाच होता, मुठीत कंडेन्सर धरलेला. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं कप ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ती स्टुलावर टेकली. पदरानं तोंड पुसलं.

"कुनाला कळनार हाय?" ती हळूच म्हणाली. "बदला तो, अन् सांगा, जुना पार्ट व्हता, खराब झाला. त्या माऊलीला बी बरंच वाटंल की. मशीनचा दोष निघाला म्हनून."

"आणि तिनं विचारलं, कुणी बसवला होता?"

"नाय इचारनार ती. बाईमानसाला काय त्यातलं कळतंय?"

हिरामणनं कंडेन्सर मुठीतून टेबलावर ठेवला.

"सुनेला, पोराला काय सांगनार?" प्रेमला म्हणाली. "नातीचं लग्न ठरतंय. आपल्याच लोकांत बोलनं हुईल."

"चहा गार होतोय," तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस तो सकाळी सातला बसायचा आणि दिवेलागणीला उठायचा. रेडिओ दुरुस्त करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यानं कागदी कंडेन्सर एकूण एक बदलले. स्पीकरचा पडदा झुरळांनी कुरतडला होता, तो टिश्यू पेपर आणि खळीनं जोडला. डायलचा दोरा नवा ओवला. दोन पिनांची वायर काढून तीन तारांची घातली, तिसरी चॅसीला नीट स्क्रूनं आवळली. त्या एका जागी हजार व्होल्टचा कंडेन्सर बसवला, आणि बसवल्यावर तीनदा मोजला. लोखंडी दांडीवर त्यानं जुन्या बटणांच्या डब्यातलं एक बेकेलाइटचं बटण चढवलं. ते हाताला घट्ट बसलं. इतकं सोपं काम होतं ते.

शुक्रवारी दुपारी त्यानं मधे शंभर वॉटचा दिवा जोडून रेडिओ चालू केला. कुठं काही शॉर्ट असेल तर दिवा भपकन पेटतो आणि तसाच राहतो. दिवा क्षणभर उजळला आणि मंद झाला. व्हॉल्व्हच्या आत तांबूस तारा दिसायला लागल्या. थोड्या वेळानं खरखर सुरू झाली, आणि खरखरीच्या आतून एका बाईचा आवाज आला, कुठल्याशा पिकावरच्या किडीबद्दल माहिती सांगणारा. हिरामणनं तो पूर्ण ऐकला. मग बटण फिरवून बंद केला, आणि हात काढल्यावर तळव्याकडे पाहिलं.

शनिवारी तो रेडिओ घेऊन रिक्षानं कळंबोलीला गेला. संघमित्राचं घर लोखंड बाजाराच्या मागं, तळमजल्यावर होतं. तिची आई, मुक्ताबाई, लोखंडी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, डाव्या हातावर सुया टोचून टोचून काळंनिळं झालेलं.

"जयभीम, अक्का."

"जयभीम. बसा, भाऊ." त्यांनी रेडिओकडे पाहिलं नाही. "कळलं का?"

हिरामणनं खिशातून प्लास्टिकची पुडी काढली आणि तो तपकिरी कंडेन्सर त्यांच्या तळहातावर ठेवला.

"यानं झालं. विजेची तार आणि रेडिओचा पत्रा यांच्या मधे हा असतो. हा धड असला तर पत्र्यात वीज येत नाही. हा आतून फुटला. बाहेरून काही दिसलं नाही कुणाला, पण सगळी वीज त्या दांडीत आली."

"इतकुसा?"

"हो."

"हे असं आपोआप फुटतं व्हय?"

"तिथं हजार व्होल्टचा लागतो. हा चारशेचा आहे. हा तिथं बसवायला नको होता."

मुक्ताबाईंनी कंडेन्सर दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेला.

"कुनी बसवला?"

"मी," हिरामण म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात संघमित्रा हातात ट्रे घेऊन उभी होती. हिरामणनं तिकडे न बघता सांगून टाकलं. अंबडचं दुकान, एप्रिल महिना, सायकल, गोधडी, ताटकळणारी तीन माणसं. आपण काय म्हणालो तेही सांगितलं. बाहेर एक ट्रेलर मागं घेत होते, क्लीनर पत्र्यावर थापा मारून ओरडत होता. तो आवाज थांबला.

"जमीन कोरडी असती तर?" मुक्ताबाईंनी विचारलं.

हा प्रश्न येईल हे त्याला माहीत होतं. काही फरक पडला नसता असं म्हणायचं त्यानं रिक्षात ठरवलं होतं. आता त्या बाईचे डोळे आपल्यावर रोखलेले असताना ते त्याच्या तोंडून निघेना.

"कोरडी असती तर झटका बसून हात सुटला असता. कदाचित. ओल्यात सुटत नाही."

"काका!" संघमित्रा म्हणाली.

"पण वीज तिथं यायलाच नको होती, अक्का. रेडिओ धड असता तर ओल्या हातानं धरला असता तरी काही झालं नसतं."

मुक्ताबाई खाली बघून काहीतरी मनाशी जुळवत राहिल्या. ओठ हलत होते.

"म्हंजी माझं थोडं हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचं लई."

"हो."

"इतकी वरसं समदं माझंच व्हतं."

हिरामण उठला आणि वाकून त्यांच्या पायांकडे हात नेला. त्यांनी पाय गोधडीत ओढून घेतले.

"पाया नका पडू. सुजल्यात ते."

तो परत खुर्चीवर बसला. संघमित्रानं ट्रे खाली ठेवला होता, पण चहा कुणाला दिला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तशीच उभी राहून तिनं विचारलं, "आई, लावायचा का रेडिओ? चालू झालाय."

"नगं." मुक्ताबाईंनी कंडेन्सर हिरामणच्या पुढं धरला. "हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. दाखवायला लागंल."

"कुणाला?"

"माझे थोरले दीर हायत ऐरोलीला. हौसेराव. मातीच्या दिशी साऱ्या गावाम्होरं त्येंनीच म्हनलं, हिनं पोर खाल्लं. मंग समदेच म्हनाया लागले. ह्येंनी बी थोरल्या भावाचं ऐकलं." त्यांना दम लागला. त्या थांबल्या. "त्येंना सांगाल? असंच. ह्यातलं काय बी कमी न करता."

"सांगतो."

"कवा?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"सोमवारी डायलिसिस हाय. उद्या चला."

घरी गेल्यावर प्रेमलानं दारातच विचारलं, "इचारलं का तिनं?" हिरामणनं चपला काढल्या, पाय धुतले आणि होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी प्रेमला त्याच्याशी बोलली नाही. पण सकाळी तिनं त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता.

रविवारी संघमित्रानं गाडी केली. मुक्ताबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, हिरामण मागं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या काचेच्या इमारती सुट्टीमुळं सुन्या होत्या. वाटेत एकदा मुक्ताबाईंनी मागं न बघता विचारलं, "आनलंय ना?" हिरामणनं खिशावर हात ठेवून हो म्हटलं.

हौसेराव मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहत होते. त्यांच्या सुनेनं, वैजयंतीनं, दार उघडलं आणि मुक्ताबाईंना बघून तिचा चेहरा गोंधळला. इतक्या वर्षांत त्या या घरात पहिल्यांदाच आल्या होत्या. तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं.

"काकू, बाबांचं तसं बरंय," ती आतल्या खोलीच्या दाराशी थांबून म्हणाली. "पण माणसं ओळखत नाहीत हल्ली. कधी कधी ओळखतातही."

"ऐकाया येतं का?"

"ऐकू येतं."

"मंग झालं."

हौसेराव दवाखान्यातल्यासारख्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगात स्वच्छ बंडी, दाढी नुकतीच केलेली. नव्वदीतही शरीर रुंद होतं. मुक्ताबाईंनी सवयीनं डोक्यावर पदर घेतला आणि पायाशी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या. संघमित्रा त्यांच्या मागं उभी राहिली.

"भावजी, हे तुमाला काय सांगाया आल्यात. ऐका."

हिरामणनं उभ्यानंच सांगितलं. कालच्यापेक्षा आज जास्त नीट सांगता आलं. कंडेन्सर त्यानं हौसेरावांच्या पुढं धरला, त्यांनी तो घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. ते लक्ष देऊन ऐकत होते. मधे मधे मान डोलवत होते. सायकलचं आलं तेव्हा "हां, हां" म्हणाले. वैजयंती दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"त्यात तुमच्या भावजयीचा दोष नव्हता," हिरामण म्हणाला. मग त्याला काल ठरलेलं आठवलं. "होता तो थोडा. माझा जास्त होता."

हौसेरावांनी मान डोलवली. कंडेन्सर त्यांनी जपून उशीखाली ठेवला. मग मुक्ताबाईंकडे बघून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं,

"अंकुश आला का गं साळंतनं?"

संघमित्रानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. वैजयंती पटकन पुढं आली. "काकू, जाऊ द्या. त्यांना आता यातलं काहीच..."

मुक्ताबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी हळूच मागं सरकवला, तो खांद्यावर पडला तो परत घेतला नाही.

"भाऊ," त्या हिरामणला म्हणाल्या, "पुन्ना सांगा. सुरवातीपासनं."

हिरामणनं एकवार संघमित्राकडे पाहिलं. त्यानं कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, पलंगाला लावून ठेवली आणि बसला. म्हाताऱ्याच्या अंगाला टाल्कम पावडरचा वास येत होता.

"माझं नाव हिरामण साळवे," त्यानं आवाज चढवून सुरुवात केली. "अंबडला माझं रेडिओचं दुकान होतं. त्र्याऐंशी साली एप्रिल महिन्यात तुमचा भाऊ शिवराम माझ्याकडे आला..."

शिवरामचं नाव ऐकून हौसेरावांनी मान हिरामणकडे वळवली.